बुगडबाईंचा आवाज

"बाई, उठलोय म्हटलं की! दात घासायलोय!"

हाक ऐकून बुगडबाई गर्रकन वळल्या. चौकातल्या नळापाशी एक शाळकरी पोरगा तोंडात ब्रश धरून उभा होता. त्याची नजर बाईंवरून घसरून पलीकडच्या भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली. "आज गणित आहे म्हणून जाऊ वाटंना, दुसरं काय," तो भिंतीला म्हणाला, आणि काहीतरी ऐकून फेस उडवत हसला.

तो बुगडबाईंशी बोलत नव्हता. म्हणजे तसं पाहिलं तर त्यांच्याशीच बोलत होता, आणि खरी पंचाईत तीच होती. त्याच्या उजव्या कानात कपाशीच्या बीएवढं एक पांढरं यंत्र होतं. यंत्रमागांच्या गावातली पोरं ती, त्यांनी त्याचं नावही 'सरकी' असंच ठेवलं होतं. त्या सरकीतून त्याला बुगडबाईंचा आवाज ऐकू येत होता. ऊठ, तोंड धू, गणित काही तुला खात नाही. हा आवाज त्या सकाळी गावातल्या हजारभर मुलांशी बोलत होता. तो मुळात ज्यांच्या घशातून निघाला, त्या बाईंशी मात्र दूधवाल्याखेरीज अजून कुणी बोललं नव्हतं.

शाळा सोडू पाहणाऱ्या पोरांना शाळेत टिकवणं, हे बुगडबाईंचं आयुष्यभराचं काम. कुणी मारामारी करून घरी बसलेलं, कुणी मागावर जायला लागलेलं, कुणी नुसतंच भिंतीकडे तोंड करून झोपलेलं. बाईंची पद्धत एकच. त्या मुलाच्या घरी जायच्या, जमिनीवर बसायच्या आणि चहा मागायच्या. समजावणीचा शब्द आधी काढायचा नाही. आमच्या भागात दारात आलेल्या बाईला चहा नाकारायची कुणाची टाप नाही, आणि चहा उकळेपर्यंत गप्प बसणंही कुणाला जमत नाही. घरात साखर नसली तर शेजारून यायची, साखरेबरोबर शेजारीणही यायची, आणि पोरगं शाळेला का जात नाही ते आईबापाच्या आधी तीच सांगून टाकायची. शाळेतल्या बाकी सगळ्या शिक्षिका 'मॅडम' होत्या. 'बाई' या एकट्याच.

मग 'साद' प्रकल्प आला. चैतन्य सबनीस नावाचा तरुण अभियंता त्यांच्यासमोर हात जोडून बसला. "बाई, तुम्ही एकट्या, मुलं हजार. कुठं कुठं पुरणार?" त्याच वर्षी एकाच सकाळी दोन गल्ल्यांतून निरोप आले होते. बाई एका गल्लीत गेल्या, आणि दुसऱ्या गल्लीतल्या मुलीचं लग्न लागून गेलं. त्यामुळे चैतन्यचं म्हणणं त्यांना पटलं. पुढचं वर्षभर त्या पदराला ध्वनिग्राहक लावून घरोघर हिंडल्या. संगणकाने त्यांचा नुसता आवाज उचलला नाही. त्या कुठे रागावतात, कुठे चेष्टा करतात, कुठे गप्प राहतात, तेही सगळं शिकून घेतलं. चैतन्य त्याला 'स्वरछबी' म्हणायचा. माणसाचा फोटो काढतात, तशी ही त्याच्या बोलण्याची छबी.

गावातली शाळागळती जवळजवळ थांबली. बाईंना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण त्यांना आता कुणी कुठे बोलावीना, कारण त्या सगळीकडे आधीच पोचलेल्या असत. घरात त्या एकट्याच. मग दुपारी रेडिओ मोठ्याने लावून ठेवायच्या आणि निवेदकाला उलट उत्तरं द्यायच्या.

त्यांच्यापाशी एक काम तेवढं उरलं होतं. आवाज ताजा राहावा म्हणून आठवड्यातून एकदा शाळेतल्या छोट्या खोलीत बसून यंत्रापुढे वाक्यं वाचायची. त्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा मधली सुट्टी होती. मैदानावर पोरं भरपूर होती आणि गलका मात्र नव्हता. जो तो वेगवेगळा चालत होता, हळू आवाजात बोलत होता, मध्येच हसत होता. सगळी एकाच बाईशी बोलत होती आणि ती बाई फाटकापाशी उभी राहून बघत होती. एकानेही मान वर केली नाही.

"मी काय बोलते रे त्यांच्याशी?" खोलीत शिरताच त्यांनी चैतन्यला विचारलं.

"ते मलाही ऐकता येत नाही, बाई. मुलांचं गुपित आहे ते."

"माझाच आवाज, आणि मलाच ऐकायला बंदी?"

"आवाज तुमचा. गोष्टी त्यांच्या."

"आणि ती मी नव्हे, हे तरी माहीत आहे ना त्यांना?"

"पहिल्याच दिवशी आवाज स्वतः सांगतो. पण ऐकतंय कोण? सगळी लगेच विसरतात." चैतन्यने वाचायच्या वाक्यांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "नाहीतर विसरायचं ठरवतात."

त्याच संध्याकाळी बाईंच्या दाराची कडी वाजली.

दारात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. उंच, खांदे पाडून उभी राहणारी, दहावीतली असावी. खिशावरच्या पट्टीवर नाव होतं, श्रावी लवटे. बाईंनी तिला आधी कधीच पाहिलं नव्हतं. ती मात्र कैक वर्षांची ओळख असल्यागत हसली.

"तुमी म्हटलासा म्हणून आलो बघा, बाई."

"ये की, ये," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

पोरीने चप्पल काढून बाईंच्या चपलेशेजारी नीट लावून ठेवली. खुर्चीच्या कडेवर टेकली. "परवा सगळं सांगितलंच हाय तुमाला," ती म्हणाली. "परत पयल्यापास्नं सांगायला नको ना? रडू येतंय मला."

अगं, ती मी नव्हे. वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती पोर त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशी नजर त्यांना कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. खरं सांगितलं असतं तर ती नजर तिथल्या तिथे विझली असती. ते त्यांना सोसवलं नसतं.

"नको," बाई म्हणाल्या. "आहे माझ्या लक्षात."

मग त्यांनी चहा ठेवला. दोन कप, बऱ्याच दिवसांनी. श्रावी चहात बिस्किट बुडवून खात राहिली आणि बाई तिला खाताना बघत राहिल्या. वर्गात कुणाशी पटतं, असं त्यांनी सहज विचारलं. "कुणाशी म्हंजे? तुमच्याशीच की," श्रावी म्हणाली. "बाकी कोण बोलतंय? ज्याची त्याची सरकी असती कानात."

उठताना ती दाराशी घुटमळली. "मग बाई, करू ना तसं? माझं मन झालंय. पर तुमी हो म्हणशीला तरच."

कसं, असं विचारावं तर बिंग फुटलं असतं. काय असणार एवढं? स्नेहसंमेलनात नाच करायचा असेल, नाहीतर रुसलेल्या मैत्रिणीशी आपणहून बोलायचं असेल. अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली.

"तुझं मन झालंय ना? मग कर. भिऊ नकोस."

श्रावीचा चेहरा एकदम सैल झाला. तिने वाकून पायावर डोकं टेकवलं आणि भराभरा जिना उतरून गेली. नाचात भाग घ्यायला निघालेली पोर अशी पाया पडत नाही. बाईंना तेव्हाच कळायला हवं होतं, पण रिकाम्या झालेल्या कपाकडे बघून त्यांना इतकं बरं वाटत होतं, की कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी शेंगदाण्याचे लाडू वळले आणि डबा घेऊन शाळा गाठली. दहावीच्या वर्गात एक बाक रिकामा होता. व्हरांड्यात चैतन्य लगबगीने येताना दिसला.

"श्रावी लवटे आली नाही. या वर्षातली पहिली गैरहजेरी, बाई! सरकी चालू आहे, ती घरीच आहे, एवढंच दिसतंय."

बाईंनी डबा कठड्यावर ठेवला आणि आदल्या संध्याकाळचं सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता चैतन्यचा चेहरा उतरत गेला.

"मोठ्या निर्णयाची वेळ आली, की आवाज मुलांना खऱ्या माणसाकडे पाठवतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे त्यासाठीच पाठवलं तिला. काही चुकीचं असेल तर तुम्ही थांबवाल, म्हणून. आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मग त्या आवाजाला सांग ना, तिला थांबव म्हणावं!"

"तसं नाही होत. खऱ्या माणसाने शब्द दिला, की आवाज तो खोडत नाही. यंत्राने माणसाच्या वर बोलू नये, असा नियम आम्हीच घातलाय." मग तो अगदी हळू म्हणाला, "नियम चांगला वाटला होता हो."

बाईंनी लाडवांचा डबा तिथेच सोडला आणि रिक्षा पकडली. यंत्राला आवाज दिला तेव्हा चांगल्यासाठीच दिला होता, नाही असं नाही. पण कालचा होकार यंत्राचा नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता, आणि तो देऊन त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. रिक्षाभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

श्रावीचं घर नदीकडच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. आई गेल्यापासून ती मामाकडे राहत होती. दारात मामी तांदूळ निवडत बसली होती. बाईंना बघून ती लगबगीने उठली.

"या की बाई, बसा. चहा टाकते."

"चहा नको. श्रावी कुठंय?"

बाईंनी चहा नको म्हटलेलं ऐकून मामी चपापली. "आत हाय. बॅग भरायलीया. दुपारी एजंटाची गाडी येणार न्हवं? तिकडं तमिळनाडूत, तिरुपूरला निघाली. कापडाच्या कारखान्यात. ऱ्हाणं-खाणं तिथंच."

"शाळा सोडून? अजून अठराचीही नाही ती!"

"कागद त्यो एजंट बघतो म्हणालाय. पोरीनंच काढलं हे सगळं. मी कुणावर भार हुणार न्हाई, म्हणती. आमी नको म्हटलं..." मामीने तांदळातला खडा उचलून बाहेर टाकला. "खोटं कशाला बोलू? लई न्हाई म्हटलं. घरात खाणारी तोंडं चार. आणि काल सांजच्याला आली ती म्हणाली, बुगडबाईंनी हो म्हटलंय. मग आमी कोण इचारणार?"

आजवर या गावात त्यांच्या शब्दावर पोरं शाळेत परत आली होती. आता त्याच शब्दावर एक पोर शाळेतून निघाली होती. आणि एकदा तिरुपूरला गेलेली मुलगी दहावीच्या बाकावर परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आतल्या खोलीचं दार बंद होतं. पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येत होता. बाईंनी दारावर हात टेकला.

"श्रावी, मी बुगडबाई. काल तू जिच्या घरी आली होतीस, ती मी. तुझ्या कानात बोलते ती मी नव्हे गं. तू परवा काय सांगितलंस, ते मला ठाऊकच नव्हतं. आताशी कळलं, तुझ्या मामीकडून. मी तुला फसवलं. घरात एकटी होते, तू आलीस, मला बरं वाटलं, म्हणून हो म्हणून बसले. तुझ्या जाण्याला मी हो म्हटलेलं नाही. जाऊ नकोस. दार उघड आणि माझ्यावर हवी तेवढी ओरड, पण जाऊ नकोस."

चेनचा आवाज थांबला. मामी हातातलं सूप विसरून बघत राहिली.

मग श्रावीचा आवाज आला, बारीक, रडवेला. पण तो दाराच्या दिशेने नव्हता.

"बाई, ऐकायलाय न्हवं? त्या आल्यात भाईर. कालचं खोटं होतं म्हणत्यात. माझं काय बी ठाऊक नव्हतं म्हणत्यात त्यांना." हुंदका आला, तो तिने गिळला. "काय करू? दार उघडू का?"

बुगडबाई दारावर हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. सरकीतून आलेलं उत्तर एकट्या श्रावीच्या कानात गेलं. बाहेर त्यातला एक शब्दही आला नाही. दाराच्या बोटभर जाड फळीपलीकडे त्यांचाच आवाज बोलत होता. त्यांच्यासारखाच थांबत असेल, त्यांच्यासारखाच समजावत असेल. तो काय म्हणत असेल, याचा अंदाज त्यांना करता येईना. त्या आवाजाच्या जागी आपण असतो, तर काय म्हटलं असतं? एकदा खोटं बोललेल्या बाईला दार उघड, असं आपण कुठल्या पोरीला सांगितलं असतं?