अर्धा कोयता
“आक्का, इथं ‘व्हेन’ न्हाई, ‘व्हाईल’! दोन कामं एकाच येळी चालली असली की व्हाईल, आन अमुक होईपर्यंत म्हणायचं असलं की अंटिल. किती येळा सांगू? उगीच न्हाई दहावीला नापास होऊन शाळा सुटली तुझी!”

धाकट्या भावाच्या, कल्याणच्या, मुखातून हे शब्द बाहेर पडले आणि लंकाबाईचे अंतःकरण विदीर्ण झाले! परंतु चाळिशीला टेकलेल्या त्या विधवा भगिनीने ओठांवर हसू आणले. “रागवू नगंस मास्तर... फिरून सांग,” ती म्हणाली. दहावी पदरात पडली तर जामखेडच्या मुलींच्या वसतिगृहात मदतनिसाची जागा मिळणार होती, आणि तेवीस वर्षांची ऊसतोड कायमची सुटणार होती!

“बरं, परीक्षेचा फॉर्म भरायचाय. शाळेचा दाखला आण.”

लंकाबाई चपापली. तिने पेटीतून दाखला काढला. कल्याणने तो वाचला... आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ‘प्रगती : उत्तम. शाळा सोडण्याचे कारण : ऊसतोडीसाठी स्थलांतर.’

“आक्का... आई तर म्हणायची, तू नापास झालीस...”

“नापास कशाची!” उंबऱ्यात बसलेले वृद्ध पिते कारभारी बोलले. “तुझ्या आईचं गर्भाच्या पिशवीचं आपरेशन झालं, तिला वाकता येईना. मुकादम म्हनला, एकला मानूस म्हंजी अर्धा कोयता, मला जोडीच पायजे. तवा हीच म्हनली, आबा, मी येते. पन कल्याणला सांगू नगा, नापास झाले म्हना.”

“का गं आक्का?”

“खरं कळलं असतं तर तू शाळेत टिकला असतास व्हय? दप्तर टाकून उसाच्या फडात पळत आला असतास, येड्या!”

कल्याणने तिच्या पायांवर मस्तक ठेवले, अश्रुधारांनी ती पावले भिजली... पण दैव का अश्रूंनी द्रवते? फॉर्म भरला, आणि दुसऱ्याच दिवशी मुकादमाचा ट्रक लंकाबाईला व आबांना घेऊन कारखान्याकडे निघून गेला.

मार्च उजाडला, तरी ऊस सरेना. “जोडी मोडली तर म्हाताऱ्यालाबी घरी धाडीन,” मुकादमाने बजावले. परीक्षेची आशा लंकाबाईने मनातच पुरली.

तोच पेपरांच्या आदल्या सकाळी फडाच्या बांधावर कल्याण उभा राहिला! तो जिथे शिकवीत असे त्या क्लासवाल्यांनी रजा नाकारली, म्हणून तो नोकरीच सोडून आला होता.

“आक्का, कोयता दे.”

“मास्तर, उसाच्या पाचटानं अंग सोलून निघंल तुझं!” आबा म्हणाले.

“निघू द्या आबा. आक्का, पेपर सरल्याबिगर इकडं फिरकू नगंस. मी हाय इथं.”

लंकाबाईने कोयता भावाच्या हाती दिला. तेवीस वर्षांत प्रथमच ऐन हंगामात तिचे हात रिकामे झाले... आणि त्या घट्टे पडलेल्या रिकाम्या हातांत तोंड लपवून ती माउली हमसून हमसून रडू लागली!