दिवा डाव्या हाती

कीर्ती अंधार पडल्यावर पहिल्यांदाच एकटी विमान उतरवणार होती, म्हणून तिचे वडील, भगवानकाका, उजेड असतानाच पेढे घेऊन आमच्या क्लबवर आले. जुने होडीवाले.

"सर, काळोखात होडी मीच शिकवली तिला," ते म्हणाले. "पण तुमच्यासारखी फी नाय घेतली."

पनवेलच्या खाडीकाठची आमची छोटीशी धावपट्टी. बाजूची टेकडी फोडून, तिच्याच मातीनं खाडीचा एक फाटा बुजवला आणि त्यावर ही पट्टी आखली. टेकडीच्या जागी आता सपाट मुरूम आहे. काकांची आई, ठमाबाई, मरेपर्यंत त्या टेकडीवर रोज दिवा लावायची. तिचा थोरला मुलगा काशिराम एका रात्री मोरा बंदरातून होडी घेऊन निघाला होता. तो पोचलाच नव्हता.

कीर्ती वर गेली. कळंबोलीकडून धुरकं सरकत आलं आणि खाडीवर बसलं. शेवटची फेरी उरली होती, तेव्हा वीज गेली.

धावपट्टीचे दिवे विझले. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. आम्ही जीप पट्टीच्या तोंडाशी नेऊन उभी केली, पण तिचे दिवे वरून दिसेनात. दुसरीकडे पाठवावं, तर तिथेही हेच धुरकं. घिरट्या घालता घालता विमानातलं इंधन तळाला गेलं.

कार्यालयातला रेडिओ बॅटरीवर होता.

"सर, दिवा दिसतोय."

"जीपचा?"

"नाही. डावीकडे. पंखाच्या वर. टेकडीवरचा."

मी खिडकीतून पाहिलं. सपाट अंधार.

"कीर्ती, तिथे टेकडी नाही."

"माहीत आहे, सर."

काकांनी माझ्या हातातला माईक घेतला. 

"माज्या आयची ओवी आठव, बाय. होडी आनायचीस, तशीच ये."

ती म्हणू लागली. हळू, वल्ह्याच्या ठेक्यात.

"दिवा डाव्या हाती ठेव, वारा उजव्या हाती..."

दुसरी ओळ आली नाही. इंजिनाची घरघर खाली आली. आणखी खाली.

चाकं टेकली.

काका धावत गेले. तिला पोटाशी धरून कार्यालयाच्या दारापर्यंत घेऊन आले. "पुढची ओळ गिळलीस की गो," म्हणाले आणि हसता हसता रडले.

कीर्ती मागे वळून बघत होती.

"बाबा, दिवा अजून हाय."

आम्हाला काही दिसत नव्हतं.

आत रेडिओ खरखरला. आमचं दुसरं विमान शेडमध्ये बांधलेलं होतं. आकाशात कुणी नव्हतं.

पुरुषाचा आवाज. थकलेला, ओला.

"माय बसली टेकडीवर, तेल घालते वाती."

मग, "भगवान, येऊ का रं?"

मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला. काकांनी तो धरला. दुसऱ्या हातानं माईक उचलला.

"ये, दादा."

"दिवा गेला," कीर्ती दारातून म्हणाली.

सकाळी मी धावपट्टी तपासायला गेलो. कीर्तीच्या चाकांचे काळे पट्टे होते. त्यांना लागून एक रुंद ओली रेघ होती, होडी काठावर ओढून घेतल्यावर उमटते तशी. पुढे ती पूर्वीच्या टेकडीच्या बाजूला वळली होती.

उन्हानं रेघ वाळली. मागे मीठ राहिलं.