भुऱ्याचं मुसकं

मोठं झालेलं कुत्रं अचानक घरातल्या वस्तू चावायला लागलं तर त्याला मारू नये, आधी त्याचं तोंड उघडून बघावं. सत्तावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. पिल्लू चावतं ते दात येतात म्हणून. सहा वर्षांचं कुत्रं चावायला लागलं तर त्याच्या हिरड्या दुखत असतात, पोटात जंत असतात, नाहीतर खनिजं कमी पडत असतात. यातलं काहीच नसेल तर ते एकटं पडलेलं असतं.

माझा हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. लोक सलाउद्दीन डाक्तर म्हणतात आणि मीही त्यांची चूक दुरुस्त करायला जात नाही. घर नवापूरला, नोकरी सातपुड्यात. आमच्या घरी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, त्यानं भांड्यात तोंड घातलं तर भांडं सात वेळा धुतात. माझं अर्धं आयुष्य मात्र कुत्र्यांच्या तोंडात हात घालण्यात गेलं. नईमा, माझी बायको, म्हणते की तुम्ही जेवायला बसलात की मला तुमच्या हातांकडे बघवत नाही.

मणिबेलीच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून, उतारावर सात-आठ घरांचा एक पाडा आहे. जुना पाडा पाण्याखाली गेला. पाणी उतरायला लागलं की मेलेल्या सागांचे बुंधे वर येतात. तिथं जायला भिला नावाच्या नावाड्याची बोट. पवन त्याच पाड्यातला, एकोणतीस वर्षांचा. लसीकरणाला माझ्याबरोबर फिरायचा. शेळी धरावी तर त्यानंच. जानेवारीत माझी कंबर धरली होती, म्हणून मी लशीचा डबा त्याच्याकडे दिला आणि म्हटलं, या खेपेला तूच जाऊन ये. भिलाची बोट दुसऱ्या कामावर होती. पवन लहान होडी घेऊन गेला, बरोबर त्याचा कुत्रा भुऱ्या. संध्याकाळी भुऱ्या एकटा पोहत काठाला लागला. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, लशीचा डबा सापडला. पवन सापडला नाही.

पवनचा बाप उदेसिंग याच्या घराण्यात माणूस गेला की त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्याबरोबर देतात, आणि देताना मोडून देतात. मडक्याला भोक, काठीचे दोन तुकडे. देह मिळाला नाही तर गवताचा माणूस करायचा आणि वस्तू त्याला द्यायच्या. उदेसिंगनं गवत कापून आणलंही होतं. पण पवनची बायको सीमा आडवी आली. तिनं मला विचारलं, "भाऊ, तुम्ही शिकलेले. तो गेला असं तुम्ही सांगता का?"

मी म्हटलं, "देह नाही तोवर कायद्यानं तो बेपत्ता. सात वर्षं तरी वाट बघतात."

हे मी कायद्यासाठी बोललो नाही. मेलेला पवन माझ्या मानेवर बसला असता, बेपत्ता पवन जरा हलका वाटत होता. सीमानं त्याच्या सगळ्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या. गवत तसंच वाळून गेलं.

फेब्रुवारीत भिलाकडून निरोप आला की भुऱ्या घरातल्या वस्तू चावतो, सीमानं बोलावलंय.

मी गेलो. भुऱ्याचं तोंड उघडलं. दात पांढरे, हिरड्या गुलाबी, ताप नाही, अंगावर मांस चांगलं. जंताची गोळी दिली, खनिजांची पूड दिली, चघळायला म्हशीचं हाड दिलं. मग सीमानं चावलेल्या वस्तू सांगितल्या. चप्पल, पट्टा, टोपी, विळ्याची मूठ, कंगवा. सगळ्या पवनच्या.

"वास शोधतोय तो," मी म्हटलं. "मालकाची आठवण येते. जनावरांनाही येते."

"चावलेलं कुठंय?" मी विचारलं.

"पाण्याशी नेऊन ठेवतो," सीमा म्हणाली. "मग ते राहत नाही."

तिच्या मांडीवर चार वर्षांची रिना होती, पवनची मुलगी. ती भुऱ्याच्या कानात बोट घालत होती आणि भुऱ्या ते घालू देत होता. सीमानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, आता त्याचा एक शर्ट, एक टॉर्च आणि बासरी राहिली. ते तरी राहू द्या. सगळं संपलं तर तो परत यायचा कशाला?"

मी त्या दिवशी दुपारपर्यंत तिथं थांबलो आणि भुऱ्यावर नजर ठेवली. टॉर्च मुद्दाम खाली ठेवली होती. तो आला, टॉर्च तोंडात धरली आणि दाढेखाली एकदाच दाबली. कुत्रं चावतं तेव्हा डोकं झटकतं, तुकडे करतं, गिळतं. यानं तसलं काही केलं नाही. टॉर्चला आरपार एक भोक पडलं, चिंचोक्याएवढं. मग तो उतरणीवरून खाली गेला, टॉर्च गाळावर ठेवली आणि मागं न बघता परत आला.

ती पाण्यापासून चांगली तीस पावलं वर होती, मी मोजली. गाळ वाळून तडकलेला, वारा नाही, बोट नाही. मी घराच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. दोन घास राहिले असताना वर बघितलं तर टॉर्च नव्हती. खाली जाऊन बघितलं. पाण्यापासून त्या जागेपर्यंत एक ओला पट्टा होता, पावलाएवढा रुंद, आणि तसाच परत गेलेला. मगर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मगरीला टॉर्च कशाला लागते, हे विचारायचं टाळलं.

मी माझं काम केलं. उरलेल्या वस्तूंना कडुनिंबाचा अर्क फासला. भुऱ्या शर्टाकडे गेला की जीभ कडू व्हायची, मी "नाही" म्हणायचो आणि तो मागं फिरला की गुळाचा खडा द्यायचो. हे सीमाला शिकवलं. शेवटी उदेसिंगच्या माळ्यावरून बैलाचं जुनं मुसकं काढलं. मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती दोऱ्यांची जाळी. ती कापून भुऱ्याच्या मापाची केली. खाण्यापिण्याला तेवढी काढायची.

उदेसिंग बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाला, "डाक्तर, कुत्र्याला करू दे त्याचं काम."

"त्याचं काम राखण करणं," मी म्हटलं.

"तेच करतोय तो," उदेसिंग म्हणाला. मी गाठ मारली.

पंधरा दिवसांनी काठावर भिलाच भेटला. मी विचारलं, "कुत्रा कसा शे?"

"कुत्रा बेस शे," तो बोटीचं इंजिन पुसत म्हणाला. "आते कायबी चावत नही. पन मी त्या पाड्यावर दुपारले बोट लावत नही, डाक्तर. सकायमाच जाऊत." मी बोटीत बसलो.

सीमानं मला हसून आत बोलावलं. महिनाभरानंतर पहिल्यांदा तिनं केस नीट विंचरले होते. शर्ट दोरीवर होता, अख्खा. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग दिसलं की शर्टाची कॉलर ओली आहे.

"धुतला का?"

"नाही," ती म्हणाली. "तो येतोय ना आता. दुपारी येतो. शर्ट घेतो, बघतो, परत ठेवतो. बासरी पण तशीच ठेवतो." जमिनीवर दारापासून दोरीपर्यंतचं शेण धुऊन निघालं होतं. तिनं ते सारवलं नव्हतं.

मी उदेसिंगकडे बघितलं. तो दारात बसून होता.

"अख्खी वस्तू त्याला नेता येत नाही," तो म्हणाला. "मोडलेलीच नेता येते. कुत्रा मोडून देत होता, तो खालूनच घेऊन जात होता. वर यायचं काम नव्हतं त्याला."

मग तो कोपऱ्याकडे बघत राहिला. मी तिकडे बघितलं. कोपऱ्यात रिना बसली होती. तिच्या डाव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या.

"काल शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडली," सीमा म्हणाली. "हाताचं हाड मोडलं."

हे बोलताना तिचं हसू तोंडावर तसंच होतं. मग ते हळूहळू गेलं. तिनं सासऱ्याकडे बघितलं, मग पोरीकडे.

मी धावत जाऊन भुऱ्याचं मुसकं सोडलं. शर्ट त्याच्यापुढे टाकला, बासरी टाकली. "घे," म्हटलं. "चाव." त्यानं शर्टाचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मागं फिरून बसला. गुळाच्या खड्याची वाट बघत होता. मी त्याचा जबडा उघडून बासरी आत घातली. त्यानं ती हळूच बाहेर सोडली. माझं औषध लागू पडलं होतं. आयुष्यभर मला इतकं शहाणं कुत्रं शिकवता आलं नव्हतं.

शेवटी सीमा उठली. एवढे दिवस जपलेला तो शर्ट तिनं स्वतः दातांनी फाडला, आवाज न करता. बासरी उदेसिंगनं दगडानं ठेचली. दोन्ही पाण्यात टाकलं. सीमा काठावर बसून म्हणाली, "जा आता. जा रे."

मी रिनाला उचललं. तिला दवाखान्यात न्यायचं तर त्याच पाण्यावरून न्यावं लागणार होतं, दुसरा रस्ता नव्हता. सीमा तिला मांडीत घट्ट धरून बोटीच्या मधोमध बसली आणि पाण्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. काही झालं नाही. पलीकडे उतरलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सबंध वाट मोठ्यानं कुराणातल्या आयती म्हणत होतो.

पाण्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यायचं ठरवलं. दोघींना नवापूरला आमच्या घरी आणलं. हाडांच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि म्हणाला, लहान पोर आहे, तीन आठवड्यांत जुळेल.

चौथ्या दिवशी भिलाचा फोन आला. "डाक्तर, ते सामान पानीमा टाकं व्हतं ना, ते काठवर परत यी लागनं. शर्ट, बासरी. वल्लं बी नही शे."

म्हणजे त्याला आता ते नको होतं.

तीन आठवड्यांनी फोटो काढला. हाड जुळलेलं नव्हतं. डॉक्टरनं दोनदा फोटो काढला, मग म्हणाला, आणखी थांबू. त्याच आठवड्यात एके दुपारी नईमानं स्वयंपाकघरातून विचारलं, "फरशी किसने गीली की?" दारापासून रिनाच्या खाटेच्या अर्ध्या वाटेपर्यंत ओल होती. नईमानं पुसली. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोन फरशा आत आली होती. तिला धरणातल्या गाळाचा वास होता. आमच्या घरापासून ते धरण दिवसभराच्या वाटेवर आहे.

मी भुऱ्याला आणवलं. दुसरं काही सुचलं नाही. तो दारात आला तेव्हा मी त्याला अंगणात बांधायला निघालो, पण नईमा पुढं झाली. जिनं चाळीस वर्षं कुत्र्याची सावली भांड्यावर पडू दिली नाही, तिनं स्वतः दार उघडलं आणि म्हणाली, "आने दो अंदर." तो सरळ आत गेला आणि रिनाच्या खाटेखाली बसला. त्यानं मोडून द्यावं आणि पोरीऐवजी ते जावं म्हणून मी त्याच्यापुढं रोज काहीतरी टाकतो. माझी चप्पल, माझा पट्टा, माझ्या चष्म्याचं घर. तो हुंगतो आणि माझ्या हाताकडे बघतो. गुळासाठी.

प्लास्टर घालून आता सहावा आठवडा. सीमा पोरीला क्षणभर नजरेआड करत नाही, झोपतही नाही. मला ती दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण मी हात दाखवला आणि अवलक्षण तिच्या पोरीच्या वाट्याला आलं.

आज दुपारी सीमाचा बसल्या बसल्या डोळा लागला. मी बाजूच्या खोलीत होतो. भुऱ्या उठल्याचा आवाज आला.

मी दारात आलो. रिना खाटेवर जागी होती. प्लास्टरचा हात तिनं पुढं केला होता, कुणाला तरी धरायला दिला असावा तसा. तो कोपरापर्यंत ओला होता.

ओल खाटेला टेकली होती.

भुऱ्या उंबऱ्यावर उभा होता आणि मोकळ्या रस्त्याकडे बघून शेपूट हलवत होता. त्याच्यापुढं, उंबऱ्याबाहेर, रिनाच्या दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, टोकं रस्त्याकडे.

मी त्या उचलून उजेडात धरल्या. कुठंही एक दात उमटलेला नव्हता. त्या मोडून न्यायला नव्हत्या, घालून चालायला होत्या.