आक्कायाची मुलगी

"डॉक्टरबाई, आमच्या आक्काया गावची मुलगी सून म्हणून कोणी का करत नाही?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. शाळेच्या अंगणात छातीचे फोटो काढणारी गाडी आली होती. अंकाराच्या डॉक्टर मुफीदे हानिम, म्हणजे मुफीदेबाई, रांगेतल्या बायकांना श्वास धरायला सांगत होत्या, आणि झोहरेने सगळ्यांसमोर विचारून टाकलं. मागे तिची मैत्रीण फेरिदे खिदळली. बायकांनी मात्र नजरा वळवल्या.

"कोण करत नाही?"

"शेजारच्या उझुमलू गावचे. म्हणतात, आक्कायाच्या सुनेबरोबर छातीचं दुखणं रुखवतात येतं."

मुफीदे हानिम हसल्या नाहीत. "मला गाव दाखव. तू निदान बोलतेस तरी."

झोहरे हवेतच. नुकतं पंधरावं लागलेलं, आणि जगातलं काहीही आपण विचारू शकतो अशी खात्री. दारं तिनेच वाजवली. घरोघरी तेच: छातीत पाणी, धाप, आणि चाळिशी गाठेपर्यंत माणूस संपलेला.

मुख्तार, म्हणजे गावाचा कारभारी, म्हणाला की दोष पाण्याचा. मग त्याच झऱ्याचं पाणी पिणारे उझुमलूवाले धडधाकट कसे, असं विचारल्यावर त्याने आणखी चहा मागवला. तंबाखू दोन्ही गावांत सारखीच ओढायचे. इथल्या बायका तर ओढतच नव्हत्या, तरी मरत होत्या.

"रक्तातच असेल," झोहरे म्हणाली. "माझा मामा लहानपणीच स्वीडनला गेला. तिथेच वाढला. तरी तसाच गेला."

"आणि बाहेरून आलेल्या सुना?"

झोहरेला हातिजे काकू आठवली. ती उझुमलूची. लग्न होऊन इथे आली, आणि पोरं मोठी व्हायच्या आत गेली. तिचं रक्त तर वेगळं.

"म्हणजे जे तुझ्या मामाला लहानपणी भेटलं, तेच काकूला लग्नानंतर भेटलं," मुफीदे हानिम म्हणाल्या. "तान्ह्या पोराला आणि घरच्या सुनेला. ते शेतात नाही, बाजारात नाही. घरात आहे."

संध्याकाळी झोहरे घरी आली. आईला सातवा महिना होता. अंगणात बसून ती टेकडीची पांढरी माती चाळत होती. आक्कायात तान्ह्या बाळाला लंगोट नसतो. चाळून कोमट केलेल्या याच मातीत त्याला गुंडाळतात, ओली झाली की बदलतात. दर वसंतात सुना भिंतीही हिनेच सारवतात. चाळणीतून धुरळा उडत होता. आई शिंकली आणि हसली.

तान्हं पोर आणि सून, झोहरेने मनात जुळवलं. तिने मूठभर माती रुमालात बांधली आणि मुफीदे हानिमना नेऊन दिली.

महिन्याभराने त्या परतल्या. गाव शाळेत जमलं.

"गुन्हेगार सापडलाय," त्या म्हणाल्या, पण चेहरा हरलेल्या माणसाचा होता. मातीत डोळ्यांना न दिसणारी, सुईसारखी तुसं होती. श्वासाबरोबर आत जाऊन ती फुफ्फुसाच्या वेष्टनात रुततात आणि वर्षानुवर्षं गप्प बसतात. मामा ती पाळण्यातूनच बरोबर घेऊन गेला होता. हातिजे काकूला ती भिंती सारवताना मिळाली. उझुमलूची टेकडी वेगळ्या दगडाची, म्हणून पाणी एक असूनही ते वाचले. आक्कायातलं घरन् घर मात्र ज्या टेकडीची ही माती, तिच्याच दगडाचं होतं.

काढता येतात का, असं कोणीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

मुख्तार उठला. "माझ्या आईनं मला त्या मातीत निजवलं. ती काय वैरीण होती माझी?"

"नाही हो. तिच्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात मऊ तिनं तुम्हाला दिलं."

फेरिदेने झोहरेचा दंड धरला. "म्हणजे आपण पण?"

झोहरेने तिचा हात घट्ट धरला.

घरी बाबा भिंतीला टेकून बसले. शहरातल्या आत्याच्या दोन खोल्या, तिची पाच पोरं, आपण कुठे जायचं, असं पुटपुटत राहिले. आई रडत नव्हती, नुसती माती चाळलेले आपले हात बघत होती.

"मी ठरवलंय," झोहरे म्हणाली. "उद्या मी आईला आत्याकडे नेणार. जिन्यात झोपू. बाळाला कापडातच गुंडाळायचं, लंगोट मी धुवीन."

"शाळा?" आईने विचारलं.

"बुडू दे. मी परत येणार नाही. आत गेलंय ते गेलंय, त्यावर भर नको." ती बाबांकडे वळली. "बाबा, बाळ बघायला या. पण या घरातले धुळीचे कपडे घालून येऊ नका."