दोघांना मिळून एक दांडा

सांगते, पण एक अट आहे. मध्ये हसायचं नाही. आमच्या घरात हे सगळे हसत हसतच ऐकतात, आणि मला त्याचा वीट आलाय.

खारूला, म्हणजे दादाच्या मुलीला, सुट्टी लागली म्हणून आम्ही सगळे त्या पार्कमध्ये गेलो. मी लहान असताना गेलो होतो, त्याच. भरदुपार, तिकिटांची रांग, आईच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या. रांगेत बाबांनी पुढच्या अनोळखी माणसाला गाठलंच. "सगळी पोरं भुतांना घाबरतात. आमची ही एकटी दांड्याला घाबरली!"

तो माणूस हसला. दादाही हसला, मोबाइलमधून मान वर न काढता.

तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दिवशी आधी मी आईबरोबर झुलत्या जहाजात बसले. तिथे बाकावर दोघांना मिळून एकच लोखंडी दांडा असतो, तो मांड्यांवर येऊन बसतो. तो आईच्या मांड्यांवर अडला आणि माझ्या मांड्यांवर वीतभर जागा मोकळी राहिली. आईने मला दंडाला घट्ट धरून ठेवलं. शेजारी मोठं माणूस असलं की दांडा वरच थांबतो, एवढं मला त्या वयातही कळलं.

मग दादाला उलटी झाली. आई त्याच्यापाशी थांबली, आणि बाबांनी मला भूतबंगल्याच्या दोघांच्या डब्यात एकटीला बसवलं. "भीती एकदा मोडलीच पाहिजे," म्हणे. मला कोण विचारतंय!

दांडा खाली आला आणि माझ्या मांड्यांच्या वीतभर वर थांबला. राइडवाल्याने दोन्ही हातांनी दाबला. हलेना. "अडकलाय," तो पुटपुटला आणि त्याने डबा सोडला.

आत मिट्ट काळोख. रुळांचा खडखडाट, कुठेतरी टेपवरचं घोगरं हसू. पुठ्ठ्याच्या सांगाड्यांकडे मी पाहिलंसुद्धा नाही. बाकाची गादी शेजारच्या बाजूला खोल दबलेली होती आणि प्रत्येक वळणावर मी त्या खळग्याकडे घसरत होते. बंद पिशवीत विसरलेल्या ओल्या टॉवेलसारखा वास येत होता. मी डब्याची कड धरून स्वतःला अलीकडे ओढत राहिले.

बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. "दांडा अडकला होता," बाबा म्हणाले, आणि तेव्हापासून प्रत्येक पाहुण्यासमोर हा विनोद. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणावं, की तू खोटं बोलत नव्हतीस.

भूतबंगला अजून तिथेच होता. दारावरच्या कवटीला नवा रंग दिला होता, एवढंच.

"खारू एकटी बसेल," बाबा म्हणाले.

"नाही बसणार."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यासारखी करून ठेवायचीय का तिला?"

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

"जाऊ दे ना गं," आई म्हणाली. आमचं घर या 'जाऊ दे'वरच चालतं.

मी खारूला उचलून डब्यात बसवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. दांडा आला आणि माझ्या मांड्यांवर घट्ट बसला. आत सांगाडे, टेप आणि खारूचं खिदळणं, दुसरं काही नाही. "आत्या, परत!" ती बाहेर येताच ओरडली. मला हायसं वाटायला हवं होतं. संताप आला. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले, ते नव्हतंच?

बाबा वाटच बघत होते. "काय, भेटलं का कोणी? थांब, मीच विचारून येतो त्या दांड्याला." आणि ते डब्यात एकटे जाऊन बसले. बाबा मुळातच काडी. आजारपणानंतर तर पँट नुसती पट्ट्यामुळे टिकलेली.

दांडा खाली आला. त्यांच्या मांड्यांच्या वीतभर वर थांबला.

हा राइडवाला वेगळा, तरुण होता. त्यानेही दोन्ही हातांनी दाबला. हलेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावर हसू तसंच होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"थांबवा!" मी ओरडले.

"डबा सुटला आता," राइडवाला म्हणाला. "कमाल आहे, दांडा आत्ता तर नीट बसत होता."

डबा बाहेर आला तेव्हा बाबा पार कडेला, अंग चोरून बसले होते. हात गुडघ्यांमध्ये. दांडा वर गेला तरी ते उठले नाहीत. शेजारच्याला आधी उतरू द्यावं तसे थोडं थांबले, मग उतरले.

"बाबा... शेजारी..."

"दांडा अडकला होता."

"गादी दबली होती ना? आणि तो वास..."

"जुन्या झाल्यात गं वस्तू... चल."

चल! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला.

गाडीत मागे मी, खारू आणि बाबा. बाबा दाराला चिकटलेले. "आजोबा, सरका ना इकडे, केवढी जागा आहे," खारू म्हणाली. ते सरकले नाहीत.

आता पाहुण्यांसमोर तो विनोद होत नाही. मला मिळालं ते एवढंच. घरात ते सोफ्याच्या टोकाला बसतात, अर्धे बाहेर. मी रोज विचारते. "निदान मला तरी सांगा. तुम्हालाही कळलं ना?" ते टीव्हीकडे बघत राहतात. माझ्याइतकंच त्यांना ठाऊक आहे, आणि तरी तोंड उघडायचं नाही!

काल आई कामं आटपून आली आणि सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसायला लागली.

"तिथे नको..." बाबा हळूच म्हणाले.

"का? कोण बसलंय?" आई हसली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी... पण त्यांनी नुसतं उठून आईला स्वतःची जागा दिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

आई बसली. टीव्ही बघता बघता, तिच्या नकळत, ती हळूहळू रिकाम्या बाजूला कलायला लागली.