रिकामा रकाना

लिफ्टमध्ये दोघंच होती. नवा प्रोग्रामर फोनवर मित्राला सांगत होता, की तिसऱ्या मजल्यावर डेटाबेस सांभाळणारी कुणी आजीबाई आहे, तिनं त्याचं काम दोनदा परत पाठवलंय. वय झालं की माणसं किरकिरी होतातच. शेजारच्या सत्तावीस वर्षांच्या आजीबाईंनी शांतपणे तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

"तिसऱ्यांदाही परत येणार आहे," उतरताना त्या म्हणाल्या. "बघून घे."

दार बंद होईपर्यंत तो बघतच राहिला... कामाकडे नव्हे.

काम दवाखान्यांच्या नोंदींचं. पेशंटला कुठलं औषध सोसत नाही, तो रकाना जुन्या तक्त्यातून नव्यात हलवायचा. असा बदल लिहिताना तो उलटवायची कृतीही लिहायची, हा ऑफिसचा नियम. ती खरोखर चालवून बघायची, हा आजीबाईंचा. यानं लिहिलेली कृती चालवली की रकाना जुन्या जागी परत यायचा—पण रिकामा.

"आला की परत," तो कुरकुरला.

"घर मिळालं, आतली माणसं गायब. राहशील?"

तो हरला. मग शंका विचारायला रोज वर येऊ लागला. शंका फार साध्या असत. उत्तरं ती फार लांबवी.

दुरुस्ती सोमवारी होणार होती. शुक्रवारी साहेबांनी फर्मान काढलं, दुरुस्तीविना जुनंच काम आज चारला दवाखान्यांच्या यंत्रणेवर चढवा. मागे फिरायची वेळ येणारच नाही, असं ते नेहमीच्या आत्मविश्वासानं म्हणाले. मंजुरी देणार नसेल तर तिनं कायमचं घरी बसावं.

घर तिच्याच पगारावर चालत होतं, धाकटी बहीण शिकत होती.

"मी मंजुरी देणार नाही."

साहेब तिच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे वळले. "तूच चढव रे."

"काम माझं आहे, साहेब, आणि चुकलेलं आहे. मीही नाही चढवणार."

दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. इमारतीच्या पायऱ्यांवर ऊन होतं. ती बसली, तोही बसला—जरा जास्तच जवळ.

"मला तुला सांगायचं होतं..."

"प्रेम उलटवता येत नाही वगैरे म्हणालास तर उठून जाईन."

"ते खोडलं मी. साधंच आहे, की..."

तिच्या फोनवर साहेबांचा निरोप आला. सरावाच्या प्रतीवर त्यांनी स्वतः बदल करून, उलटवून पाहिला होता. रकाना रिकामा का दिसतोय? पाठोपाठ फोनच वाजू लागला.

"वाजू दे," ती म्हणाली. "तू पूर्ण कर."

त्यानं पूर्ण केलं. फोन तीनदा वाजून थकला. चौथ्यांदा तिनं डाव्या हातानं उचलला. उजवा मोकळा नव्हता.

"सोमवारी," ती साहेबांना म्हणाली. "दोघं येतो."