उलटं ठेवलेलं परमिट

ब्लँचर्डस्टाउनच्या इंडियन दुकानासमोर गाडी लावून मी काठी काढतच होते, तेवढ्यात शेजारच्या गाडीतून फोनवरचं मराठी ऐकू आलं. "आत्या, कढीपत्ता मिळाला तर आणतो गं..."

झालं. सवयीनं माझा हात पुढे गेला आणि काचेमागचं परमिट मी उलटं करून ठेवलं. अपंगांच्या जागेत गाडी लावायचं परमिट, माझ्या नावाचं, माझ्या फोटोचं. नागपूरला स्कूटरवरून पडल्यापासून माझा डावा पाय साथ देत नाही. पण आईचं फोनवर एकच पालुपद — "आपल्या लोकांना लगेच दाखवत बसू नकोस अक्षया, स्थळं बघतोय ना." म्हणून आपलं कुणी दिसलं की ते जाईपर्यंत मी गाडीतच बसून राहायची.

शेजारच्या जागेवरही व्हीलचेअरची खूण होती. उतरणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, थबकला... आणि लंगडत दुकानाकडे निघाला.

दुसऱ्याचा पाय अधू बघून आनंद व्हावा, कमालच आहे माझी. पण झाला. मी काठी घेतली आणि चक्क उतरले.

कढीपत्त्याची शेवटची जुडी त्याच्या हातात होती.

"अर्धी द्या ना," मी म्हणाले.

"सगळी घ्या. पण कॉफी प्यावी लागेल."

"मास्क लावून?"

"तो काढलात तर बरंच आहे. नुसत्या डोळ्यांवर किती अंदाज बांधायचे..."

तनय त्याचं नाव. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, जवळच ओंगारला आत्याकडे राहणारा. २०२१चा तो कोरोनातला उन्हाळा. कॉफी बाहेरच प्यावी लागायची. मग दर शनिवारी आमची कढीपत्त्याची गरज वाढत गेली. भुरभुर पावसात छपराखाली कागदी कप घेऊन आम्ही उभे राहायचो. तो माझ्या बरोबरीनं हळूहळू चालायचा. एरवी सगळे पुढे जाऊन माझ्यासाठी थांबायचे.

"तुझ्या पायाला काय झालं रे?" मी एकदा विचारलं.

"सोड ना... हसताना तुझे डोळे बारीक होतात, माहितेय?"

मी लाजले, आणि पोरगा किती हळवा आहे असं समजले. बावळट कुठली.

मग एका शनिवारी आमची कॉफी चालू असताना पार्किंग तपासणाऱ्या वॉर्डनबाई माझ्या गाडीपाशी थांबल्या. मघाशी मी गाडीत असतानाच मराठी मंडळातलं एक कुटुंब समोरून गेलं, म्हणून मी परमिट उलटं केलं होतं आणि तसंच विसरले होते. मी काठी सावरेपर्यंत तनय कप टाकून धावत सुटला. दणादण, दोन्ही पायांवर.

"थांबा, तिच्याकडे परमिट आहे, तिला खरंच..." बोलता बोलता त्याची नजर स्वतःच्या पायांकडे गेली.

मी पोचले, दार उघडलं, परमिट सरळ केलं. "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, असं म्हणून बाई शेजारच्या गाडीकडे वळल्या. तिथे काचेमागच्या परमिटवरच्या फोटोतून ठसठशीत कुंकू लावलेल्या लीलावती आत्या आमच्याकडे बघत होत्या.

"या कुठे आहेत?"

"घरी. आत्याचं म्हणजे... आमचंच की."

"परमिट घराचं नसतं, माणसाचं असतं. त्या गाडीत नसताना ते वापरणं गुन्हा आहे." बाईंनी दंड लावला. "असंच चालू राहिलं तर परमिट काढून घेतील. मग त्यांनी हॉस्पिटलला कसं जायचं?"

तनयची मान खाली. आणि कान मात्र माझे तापले होते. इतके शनिवार माझ्या शेजारी माझ्या चालीची नक्कल चालली होती, आणि मी त्यावर भाळले होते.

"लंगडलास का?"

"अपंगांच्या जागेत गाडी लावताना तू बघत होतीस. मग... थांबवताच आलं नाही."

मी गाडी काढली. घरी येऊन रडले. यापुढे कुणीही शेजारी चालायला लागलं की मी आधी त्याचे पाय बघणार, याचंच जास्त रडू येत होतं.

पुढच्या शनिवारी जायचं नाही असं ठरवलं आणि गेले. शेजारची जागा रिकामी होती. रस्त्याच्या पार टोकाकडून तो भिजत येत होता, न लंगडता. समोर येऊन थांबला, नजर जमिनीवर.

"आत्याला सगळं सांगितलं. म्हणाली, माझं दुखणं उसनं नेऊन पोरगी पटवलीस? अजून बोलत नाहीये माझ्याशी."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

"तुझ्याकडे बघायची लाज वाटते, अक्षया. पण तू आवडतेस... ते खोटं नव्हतं."

मी गाडीचं दार उघडून, येताना सवयीनं पुन्हा उलटं ठेवलेलं परमिट सरळ करून ठेवलं. काचेतून माझा फोटो दिसायला लागला.

"तुझं मराठी ऐकलं तेव्हा मी पहिलं हेच उलटं केलं होतं," मी म्हणाले. "माझं स्वतःचं असून. लाज मलाही वाटते रे."

त्यानं फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काही बोलला असता तर मी बहुतेक निघून गेले असते.

"गाडी कुठे लावलीस?"

"पार तिकडे टोकाला. पण तुला एवढं चालणं..."

"चालते मी. हळू चालते, एवढंच."

मी काठी टेकत निघाले. तोही निघाला, आणि सवयीनं त्याचा पाय जरासा ओढला गेला. तो जागीच थांबला, लालबुंद झाला.

"सरळ चाल," मी म्हणाले आणि त्याचा ओला हात धरला. "फक्त माझ्याबरोबर चाल."